एल्मारच्या नावाखाली इंडस्टार: ३८,९५० रुपयांची फसवणूक

‘लाइट्झ एल्मार, ५० मिलिमीटर, एफ ३.५, युद्धापूर्वीची, अस्सल जर्मन’ असे सांगून जी लेन्स ३८,९५० रुपयांना माझ्या गळ्यात मारण्यात आली, ती प्रत्यक्षात तशीच दिसणारी, सोव्हिएत बनावटीची इंडस्टार-२२ निघाली. हीच लेन्स तिच्या खऱ्या नावाने विकत घेतली असती, तर चार-पाच हजारांत मिळाली असती. हे उघडपणे लिहिताना मला लाज वाटते. ‘झाले ते झाले, चारचौघांत कशाला सांगतेस?’ असे घरच्यांनीही सुचवून पाहिले; पण फसलेली माणसे लाजेखातर गप्प बसतात, हेच या विक्रेत्यांचे खरे भांडवल आहे आणि ते मी त्यांना फुकट देणार नाही.

जुन्या लेन्सची हौस असणाऱ्यांना या बनावट प्रकाराची कल्पना असतेच. सोव्हिएत संघात १९३४ पासून खारकीव्हला फेड आणि १९४८ पासून क्रास्नोगोर्स्कला झोर्की हे कॅमेरे लाइट्झ या जर्मन कंपनीच्या लायका कॅमेऱ्याच्या धर्तीवर तयार होऊ लागले. त्यांच्यावरची मूळ अक्षरे घासून तिथे लायकाचे नाव कोरायचे, वर सोनेरी मुलामा चढवायचा, गरुड नाहीतर १९३६ च्या ऑलिम्पिकचे चिन्ह उमटवायचे आणि दुर्मीळ वस्तू म्हणून खपवायचे, हा उद्योग जुनाच आहे. तसले सोनेरी कॅमेरे मी दुरूनही ओळखते. मला विकलेल्या लेन्सवर मात्र गरुड नव्हता आणि सोनेही नव्हते. होते ते साधे, किंचित झिजलेले, रुपेरी पितळ. संशय येऊ नये इतपत साधेपणा जाणीवपूर्वक राखलेला होता, म्हणूनच ‘एवढेही कळले नाही का?’ हा प्रश्न मला विचारणाऱ्यांवर माझा राग आहे.

एल्मारच का, हेही सांगायला हवे, कारण त्या ओढीचाच फायदा घेतला गेला. लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला आणि त्याच्यासाठी माक्स बेरेक यांनी आखलेली ही लेन्स पुढे कित्येक वर्षे त्या कॅमेऱ्याची ओळख बनून राहिली. चार काचा, तीन गट, एवढाच तिचा संसार. तिची नळी बाहेर ओढून उजवीकडे फिरवली की ती जागेवर पक्की बसते. काम झाले की उलट फिरवून आत ढकलली, की कॅमेरा कोटाच्या खिशात जाईल इतका चपटा होतो. फोकसच्या खुंटीला अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या अंतरावर, खटका असतो आणि अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र लहान-मोठे करण्याची, बारीक खुंटी समोरच्या कड्यावर, काचेच्या अगदी लगत असते, त्यामुळे ते बदलायला लेन्सच्या तोंडाशी बोट न्यावे लागते. हे गैरसोयीचे आहे, हे मान्य. पण काचेवर चकाकी कमी करणारा थर, म्हणजे कोटिंग, नसलेल्या जुन्या एल्मारची प्रतिमा पाहिली की ती गैरसोय विसरायला होते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मध्यभाग स्वच्छ येतो, कोपरे मऊ राहतात, कडक उन्हातही सावल्या काळ्याठिक्कर होत नाहीत, आणि छिद्र लहान करत एफ ८ च्या पुढे नेले की तीच लेन्स चौकटभर काटेकोर होते. पुण्याच्या पेठांतले जुने वाडे मी फिल्मवर टिपते. दुपारचे ऊन चौकात आणि अंधार ओसरीवर, अशा जागी मला हाच स्वभाव हवा होता. इंडस्टार ही वाईट लेन्स आहे असे मी म्हणत नाही. आपल्या जागी ती चांगले काम देते. पण मी पैसे मोजले ते एल्मारचे.

व्यवहार असा झाला. जाहिरातीत किंमत ४२,००० होती, ती ३८,५०० वर ठरली. विक्रेता अस्खलित मराठी बोलत होता आणि पहिल्या वाक्यापासून ‘ताई’ म्हणत होता. ‘ताई, दुसरी दोन गिऱ्हाइके थांबली आहेत, टोकन टाका म्हणजे जाहिरात काढतो,’ असे म्हणून त्याने ५,००० रुपये आधी घेतले. उरलेले ३३,५०० आणि कुरिअर-विम्याचे ४५० रुपये मी यूपीआयने पाठवले. घाईने टोकन मागणाऱ्याला कधीही टोकन देऊ नका; खरी एल्मार एका रात्रीत हातची जात नाही.

आता ज्या क्षणी हे सगळे थांबू शकले असते, त्याविषयी. तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्याच्याकडे बुरशीबद्दल खोदून चौकशी केली होती, कारण आपल्याकडचे पावसाळे काढलेल्या जुन्या लेन्सबाबत पहिली धास्ती तीच असते. त्याने मागून टॉर्च लावून काढलेले भरपूर फोटो पाठवले. काचा खरोखरच स्वच्छ होत्या. समोरून काढलेल्या प्रत्येक फोटोत मात्र अ‍ॅपर्चर ३.५ वर, म्हणजे पूर्ण उघडे होते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरमध्ये ते छिद्र लहान-मोठे करणारी धातूची पाती दिसत नाहीत. पाती नीट चालतात का, ते दाखवा, असे मी स्वतःहून सांगितले, तेव्हा त्याने एक छोटा व्हिडिओ पाठवला. त्यात अंगठ्याने खुंटी सरकते, पाती मिटतात आणि पुन्हा उघडतात. मी पाहिले ते एवढेच, की पाती सहज सरकतात, त्यांच्यावर तेल नाही आणि कोणतीही पाती वाकलेली नाही.

पाती कुठे आहेत, हे पाहायचे होते. अस्सल एल्मारमध्ये पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे, पहिल्या आणि दुसऱ्या काचेच्या मधे असतात. इंडस्टार-२२ मध्ये ती दुसऱ्या काचेच्याही मागे, शेवटच्या चिकटवलेल्या जोडकाचेच्या पुढे असतात. नाव घासता येते, क्रमांक कोरता येतो, मुलामा बदलता येतो. पण पाती एक काच पुढे आणायची तर आख्खी लेन्स नव्याने घडवावी लागेल, आणि इतकी मेहनत कोणताही भामटा घेत नाही. त्या व्हिडिओत पाती खोल विहिरीच्या तळाशी असावीत तशी आत दिसतात. आज तो पाहिला की ते ढळढळीत जाणवते. पण तो व्हिडिओ खिडकीच्या उजेडात, काचेवर चकाकी येईल अशा कोनातून काढलेला होता, दाबला जाऊन धूसर झाला होता, आणि ज्याला बुरशी शोधायची आहे त्याची नजर काचेवरच थांबते. हे त्याला पुरते ठाऊक होते. उघड्या अ‍ॅपर्चरचे इतके फोटो योगायोगाने निघत नाहीत.

दुसरी खूण मला खटकली होती आणि मी ती त्याला विचारलीही होती. युद्धापूर्वीच्या एल्मारवर अ‍ॅपर्चरचे आकडे सहसा ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ असे असतात. या लेन्सवर ५.६, ८, ११, १६ होते आणि काचेवर निळसर कोटिंगची झाकही होती. यावर त्याचे उत्तर तयार होते: ‘ताई, युद्धानंतर ही लेन्स कारखान्यात परत गेली होती, तिथेच कोटिंग करून आणि कडे बदलून आली.’ हे उत्तर अज्ञान्याला दिलेले नव्हते, जाणकाराला दिलेले होते. लाइट्झने युद्धानंतर गिऱ्हाइकांच्या जुन्या लेन्सना कोटिंग करून दिले आणि जुने कॅमेरे सुधारूनही दिले, हे खरेच आहे. अर्धे सत्य हाताशी धरून केलेल्या थापेपुढे माझ्यासारखीच काय, अनेक वर्षे लेन्स जमवणारी माणसेही थांबली असती. कोणी ‘कारखान्यातून बदलून आली’ असे म्हणाले, तर कागद मागा. कागद नसेल तर ती लेन्स बदललेली नव्हे, बनावट आहे असे धरूनच किंमत बोला.

पार्सल आल्यावर नळी ओढून फिरवली, तर ती पक्की बसल्यानंतरही किंचित डुलत होती. फिल्म धुऊन आली तेव्हा प्रतिमा हवी त्याहून कडक होती आणि सावल्या बुडालेल्या होत्या. मग मुंबईला बोरा बाजारातील एका जुन्या कारागिरांकडे लेन्स नेली. त्यांनी तपासणीचे ५०० रुपये घेतले आणि ते मला एकूण खर्चातले एकमेव सार्थकी लागलेले पैसे वाटतात. त्यांनी अ‍ॅपर्चर १६ वर नेले, टेबलावरच्या दिव्याखाली लेन्स तिरकी धरली आणि मला समोरून पाहायला सांगितले. मिटलेल्या पात्यांच्या पुढे दिव्याची प्रतिबिंबे मोजायची. एका काचेला दोन पृष्ठभाग, म्हणून एल्मारमध्ये दोन प्रतिबिंबे दिसायला हवीत. माझ्या लेन्समध्ये चार दिसत होती. मग त्यांनी भिंगातून पुढचे कडे दाखवले. लाइट्झच्या नावाभोवतीचा धातू घासून खाली गेलेला होता, त्यावर गोल फिरलेल्या पॉलिश-कागदाचे बारीक ओरखडे होते, अक्षरांच्या कडा ताज्या कापलेल्या धातूसारख्या टोकदार होत्या, आणि ऐंशी-नव्वद वर्षांचा म्हणवला जाणारा काळा रंग अक्षरांच्या खाचेत नुकताच भरल्यासारखा ओलसर चमकत होता. ‘अशा बऱ्याच येतात, मॅडम,’ एवढेच ते म्हणाले.

विक्रेत्याला कळवले, तर त्याने आधी ‘कारागिराला काय कळते’ म्हटले, मग ‘जुनी वस्तू, परत घेतली जात नाही’ म्हटले आणि नंतर माझा फोन क्रमांक ब्लॉक केला. इथवरचा राग मला पेलवला असता. त्यापुढे जे झाले, ते मला आजही पेलवत नाही.

ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती, त्यांनी उत्तर दिले की हा दोन वापरकर्त्यांमधील खाजगी व्यवहार आहे. बँक म्हणाली की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून ती आमच्याच भागातील पोलीस ठाण्याकडे वळवण्यात आली, जिथून मला आधीच परत पाठवले गेले होते. ठाण्यातील अधिकाऱ्यांचा प्रश्न एकच होता: ‘पार्सल मिळाले ना? मग फसवणूक कसली?’ पेटीत वीट आली असती तर गुन्हा, पण नाव घासून खोटे नाव कोरलेली लेन्स आली तर ती दिवाणी बाब, हा न्याय मला कोणीही समजावून सांगू शकले नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि खोटे सांगून एखाद्याला पैसे द्यायला लावणे त्या व्याख्येत स्वच्छ बसते, हे मी छापील प्रत पुढे ठेवून दाखवले. ती प्रत कोणी हातातही घेतली नाही. ‘इतक्या जुन्या वस्तूला एवढे पैसे देता कशाला?’ असे मात्र मला ऐकवण्यात आले. सोन्याची अंगठी म्हणून पितळेची विकली, तर अंगठी घेतलीच कशाला, असे कोणी विचारते का? सायबर शाखेने सांगितले की वस्तू हातात आली असल्याने हे प्रकरण ठाण्याचे आहे. ठाणे म्हणते की ऑनलाइन असल्याने सायबरचे आहे. या दोन खिडक्यांच्या मधे सामान्य माणसाला उभे करून थकवायचे आणि तो आपण होऊन निघून जाईल याची वाट पाहायची, हीच जर पद्धत असेल, तर भामट्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज उरत नाही.

तुम्हालाही असेच परत पाठवले, तर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायला नकार दिला, तर ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते आणि त्यानंतरही दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी तसा अर्ज पाठवला आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. समोरचा ‘मी व्यापारी नाही, घरातली वस्तू विकली’ असा बचाव घेणार हे गृहीत धरून त्याच्या इतर जाहिरातींची चित्रे तारखेसह आजच जपून ठेवा, कारण नंतर त्या नाहीशा होतात. कारागिराचा अभिप्राय लेखी घ्या. विक्रेत्याशी फोनवर बोलू नका, लिहून बोला. ‘अस्सल लाइट्झ’ हे शब्द त्याच्याच हातून उमटलेले हवेत.

आणि अशी लेन्स घेणार असाल तर समोरून काढलेला, अ‍ॅपर्चर ११ किंवा १६ वर मिटलेला, चकाकी नसलेला फोटो मागा. टाळाटाळ झाली की तिथेच थांबा. लेन्ससोबत कॅमेराही ‘लायका’ म्हणून देऊ केला, तर लेन्स काढून आत पाहा: रेंजफाइंडरच्या, म्हणजे फोकससाठी अंतर मोजणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीच्या टोकाला लायकात छोटे चाक असते, फेड आणि झोर्कीत सपाट नाकाडासारखा धातूचा तुकडा. मलाही त्याने असा कॅमेरा २५,००० ला देऊ केला होता. तो मी घेतला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच फोटोंसह, त्याच कोरलेल्या क्रमांकाची ‘युद्धापूर्वीची एल्मार’ वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला लागली आहे. किंमत ४२,०००. तो क्रमांक असलेली लेन्स माझ्या कपाटात आहे. ज्यांनी या वर्षी एल्मार म्हणून काही घेतले असेल, त्यांनी आपल्या लेन्सवरचा क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात गेले ते नाव मला कळवावे. एकच खाते दोन तक्रारींत आले, तर दिवाणी बाब म्हणून हात झटकणे ठाण्याला अवघड जाईल.