पहिल्यांदा काय कराल: तांदळाची उकड की मोकळ भाजणी?

पोहे-उपम्याचा कंटाळा आला आणि घरातलं जुनं पाककृतींचं पुस्तक खाली काढलं, की न्याहारीच्या पानांवर या दोघी हमखास भेटतात. मापाचं दडपण नको. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याची मापं घरोघरी रुजवली, ती इथे सोयीची पडतात, वाटी कुठलीही घ्या, शेवटपर्यंत तीच ठेवा म्हणजे झालं.

चवीत उकड वरचढ, हे आधीच कबूल. आंबट ताक, लसूण-मिरचीची फोडणी, वर कच्च्या तेलाची धार. पावसाळी सकाळी तर विचारूच नका. गुठळ्यांना लोक उगाच घाबरतात. पीठ आधी गार ताकात नीट कालवलं की त्या होत नाहीत.

पण उकड कुणासाठी थांबत नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं. आमच्याकडे मुलाची सकाळची शाळा, बायकोची ठरलेली लोकल, मी सगळ्यांच्या नंतर निघणार. पहिल्या ताटलीत मऊ, लुसलुशीत पडलेली उकड माझ्यापर्यंत येईस्तोवर खळीसारखी घट्ट झालेली असते. पाण्याचा हबका मारून परत वाफ आणता येते, मऊही होते, पण फोडणीचा वास गेलेला असतो; निदान मला तरी तसं वाटतं. मग एक तर प्रत्येकासाठी वेगळी करा, नाहीतर सगळ्यांना एका वेळी बसवा. दुसरं आमच्याकडे फक्त रविवारी जमतं. आणि पातेल्याला वाळून बसलेली उकड कोण घासणार, यावरून होणारे वाद वेगळेच.

मोकळ भाजणीचेही नखरे आहेत. तेलात हात आखडला की ती घशात अडकते. कांदा भरपूर हवा. मंद आचेवर झाकण ठेवायचं, मधूनमधून पाणी शिंपडायचं, उलथन्याने मोकळी करत राहायचं. घाई केली की पीठ कच्चं लागतं. सोबत दही हवंच. पण सकाळी एकदा केली की उशिरा उठणाऱ्यालाही तीच चव मिळते, आणि उरलेली डब्यात जाते. दुपारी ऑफिसात गार खाल्ली तरी मला ती आवडते.

ज्यांच्याकडे सगळे एकत्र न्याहारीला बसतात, त्यांनी खुशाल उकडीपासून सुरुवात करावी. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, आधी भाजणीच्या वाटेला जावं. घरी भाजून दळायला वेळ नसेल तर दादर-गिरगावात तयार पाकीट मिळतं. फक्त ती थालीपिठाचीच आहे ना, हे बघून घ्या. चकलीच्या भाजणीत तांदूळ जास्त असतो, ती चिकट होते. पावसाळ्यात उघडलेलं पाकीट फ्रीजमध्येच ठेवा.