स्विमिंग पूल बुजवला, त्यावरून एक पावसाळा गेला

काम उरकलं त्याच आठवड्यात अनुभव लिही म्हणून ओळखीतल्या दोघी मागे लागल्या होत्या, कारण त्यांच्याही घरी असेच पडून राहिलेले पूल आहेत. मी थांबले. कोकणात जमिनीच्या कामाचा निकाल मे महिन्यात लागत नाही, मेमध्ये कुठलंही अंगण देखणंच दिसतं. आता अख्खा पावसाळा गेलाय, दिवाळीनंतरचं अंगण करून झालंय, तर लिहायला हरकत नाही.

घर गुहागर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे जांभ्याच्या कातळ-पठाराच्या उतारावर. समुद्र पायी जाण्याइतका जवळ. आधीच्या मालकांनी होमस्टे चालवायच्या उमेदीने मागच्या परसात आरसीसीचा पूल बांधून घेतला होता. २४ फूट लांब, १२ फूट रुंद, एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेपाच. पाणी मावायचं ३६-३७ हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये आमची विहीर तळ दाखवते, आणि त्याच दिवसांत या २८८ चौरस फुटांवरून नुसत्या उन्हाने रोज दीडशे लिटरच्या आसपास पाणी उडून जायचं. वर क्लोरीन, पंपाचं बिल, खाऱ्या हवेने गंजलेला एकेक नटबोल्ट. पावसाळ्यात बेडूक आणि डास, कधीमधी साप. सासूबाई पहिल्यापासून त्याला 'तो खड्डा' म्हणायच्या, आणि शेवटी त्यांचंच खरं झालं.

पूल काढायचे मार्ग दोनच. एक म्हणजे भिंती, तळ, सगळं मुळासकट उखडून डबर बाहेर नेऊन टाकायचं. दुसरा म्हणजे भिंतींचा वरचा दोन-अडीच फुटांचा भाग तोडायचा, तळ फोडायचा, ते डबर आतच टाकायचं आणि वर भराव करायचा. उद्या त्या जागेवर खोली किंवा टाकी बांधायची असेल तर पहिल्याला पर्याय नाही, कारण भरावावर बांधकाम करणं म्हणजे तडे विकत घेणं. आम्हाला फक्त अंगण आणि थोडी भाजी हवी होती, म्हणून दुसरा मार्ग घेतला. आज परत विचारलं तरी हेच सांगेन, पण एका अटीवर. तळ फोडला पाहिजे, आणि तोही नावापुरता नाही.

या तळावरूनच पहिल्या कंत्राटदाराशी आमचं फाटलं. "ताई, तळ कशाला फोडताय? माती लोटली की झालं. खाली कोण बघायला जातंय?" त्याचा भाव सगळ्यात कमी होता, आणि तो कमी का होता ते या वाक्यातच कळलं. तळाला भोक नसलेल्या कुंडीत रोप लावलं तर जे होतं तेच इथे होणार, फक्त कुंडी २४ फुटांची. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरून मुरलेलं पाणी त्या काँक्रीटच्या पेटीत जाऊन बसलं की त्याला बाहेर पडायला वाटच नाही. शेजारच्या गावात एका लॉजवाल्यांनी तळ तसाच ठेवून माती टाकली होती. तिथे दसऱ्याला पाय ठेवला की चिखलात रुतत होता, आणि पावसाळ्यात लावलेली हळद गड्ड्यांसकट कुजली. ते बघून आल्यावर घरात कोणाचंच दुमत उरलं नाही.

पूल रिकामा कधी करायचा, हेही महत्त्वाचं. आमच्याकडे सड्यावर मुरलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं आणि श्रावणात उतारावर जागोजागी उमाळे फुटतात. अशा वेळी पूल रिकामा केला तर बाहेरचं पाणी त्याला खालून वर ढकलतं. हिशोब अगदी सरळ आहे. भूजल काठापर्यंत चढलं तर ३७ हजार लिटरच्या पोकळीला निदान ३७ टनांची उचल बसते. भिंती तडकतात, नाहीतर पूल अख्खाच्या अख्खा वर येतो. म्हणून विहिरीकडे बघून ठरवलं. मार्चमध्ये विहिरीचं पाणी पुलाच्या तळाच्या बरंच खाली गेलं, तेव्हाच पंप लावला. त्याआधी काही दिवस क्लोरीन घालणं बंद करून पाणी उन्हात तसंच ठेवलं. क्लोरीन उन्हाने उडून जातं, मग ते पाणी माडांच्या आळ्यांत सोडायला भीती नसते. ताजं क्लोरीनवालं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडलं तर पऱ्यातले मासे मरतात, हे लक्षात असू द्या.

तोडायच्या आधी वायरमन बोलावून पंपाची आणि पाण्याखालच्या दिव्यांची लाइन थेट मीटरजवळच्या बोर्डातून काढून घेतली. पाइप कापून तोंडं बंद केली. मग ब्रेकर लावलेला जेसीबी आला. घराच्या अंगाची भिंत मात्र हातातल्या ब्रेकरने तोडायला लावली, कारण आमचं घर जुनं, चिऱ्याचं, आणि मोठ्या ब्रेकरच्या हादऱ्याने चिऱ्यांमधले सांधे सुटतात. वेळ जास्त लागला, मजुरी जास्त गेली, पण घराच्या भिंतीला एक रेघसुद्धा आली नाही.

तळाला चार भोकं पाडून चालेल असं दुसरा मिस्त्रीही आधी म्हणत होता. आम्ही खोल टोकाकडचा जवळजवळ सगळा तळ फोडून घेतला आणि उथळ भागात तीन-तीन फुटांवर मोठी भोकं. मग तिथे फूटभर पाणी सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी तळ नुसता ओला होता. हे बघितल्याशिवाय मातीची पहिली ट्रॉली आत घेऊ नका.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट, आणि सगळ्यात स्वस्तही. भराव टाकायच्या आधी खोल टोकाला चार इंची पीव्हीसी पाइप उभा केला. खालच्या दोन फुटांना ड्रिलने भोकं, त्यावर मच्छरदाणीचं कापड गुंडाळलेलं, वरचं तोंड अंगणाच्या वर वीतभर आणि त्याला झाकण. आत दोरीला बोल्ट बांधून सोडला की पाणी कुठे आहे ते कळतं. मिस्त्रीच्या लेव्हल पाइपने या नळीच्या तोंडाची आणि विहिरीच्या कठड्याची उंची जुळवून घेतली होती, म्हणजे दोन्हीकडची मापं एकमेकांशी ताडता येतात. पुष्य नक्षत्रात पाऊस कोसळत असताना छत्री धरून जाऊन मोजलं. नळीतलं पाणी आणि विहिरीतलं पाणी, दोन बोटांच्या फरकाने एकाच पातळीला. भर पावसात विहीर चढली की नळीत चढायचं, चार दिवस उघडीप पडली की दोन्हीकडे उतरायचं. म्हणजे खालची पेटी आता पेटी राहिलेली नाही, आजूबाजूच्या जमिनीसारखीच वागते आहे. हा आकडा हातात नसता तर अख्खा पावसाळा नुसत्या शंकेत गेला असता.

भरावाबद्दल थोडं. खोली सरासरी साडेचार फूट धरली तर पोकळी जवळजवळ १३ ब्रासची होते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून वीसेक टक्के जास्त धरायची, तोडलेल्या भिंतींचं डबर वजा करायचं. डबराचे तुकडे फुटापेक्षा मोठे ठेवू दिले नाहीत, मधल्या फटींत खडी आणि चिरेखाणीवरचा जांभ्याचा चुरा भरला. सळ्या कापून भंगारात दिल्या. त्यावर जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं, कापड अंथरलं. या कापडावर काटकसर करू नये. ते नसेल तर वरची माती पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू डबराच्या फटींत उतरते आणि वर्षा-दोन वर्षांनी अंगणात अचानक खड्डा पडतो. कापडावर मुरूम, एका वेळी आठ-नऊ इंचांचा थर, पाणी मारायचं, प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, मग पुढचा थर. मजूर दोन-दोन फूट माती एकदम लोटायला बघतात आणि वरून मशीन फिरवून 'बघा, कसं घट्ट बसलंय' म्हणतात. वरचे सहा इंच घट्ट असतात, खालचं सगळं भुसभुशीत. तिथे कोणीतरी घरचं माणूस उभं हवं. आमच्याकडे सासरे खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांची कामगारांना जबर धास्ती होती.

सगळ्यात वर दीड-दोन फूट लाल माती शेणखत मिसळून. मधे सहा इंचांचा उंचवटा मुद्दाम ठेवला, उतार घरापासून पऱ्याकडे.

पावसाआधीच वळवाची एक सर आली आणि नवी माती वाहायला लागली. वाडीत पडलेल्या झावळ्या होत्याच, त्या आडव्या टाकून वर दगड ठेवले. झावळ्यांनी काम फत्ते केलं. मृगात ताग पेरला. फुलावर आल्यावर जागच्या जागी गाडला. नव्या भरावावर पहिल्या वर्षी हेच बरं, मुळं माती धरून ठेवतात आणि खतही होतं.

आता काय बिघडलं ते.

जमीन बसली. खोल टोकाकडे तीनेक इंच, उथळ भागात जेमतेम इंचभर. उंचवटा ठेवल्यामुळे पाणी साचलं नाही, पण जुन्या भिंतीच्या रेषेवर बारीक भेग दिसत होती. कारण उघड आहे. भिंत जागची हलत नाही आणि तिच्या आतली माती खाली जाते. इथे आपल्या रीतीचा फायदा झाला. नाहीतरी दिवाळीच्या सुमारास अंगण खणून, सारखं करून, चोपणीने चोपून सारवतोच. त्यातच दोन ट्रॉल्या माती पसरून घेतली, वेगळा खर्च म्हणावा असा झाला नाही. पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घातला असता तर हीच तीन इंचांची घट फरशा फोडून दुरुस्त करावी लागली असती. पूल बुजवल्यावर लगेच ब्लॉक बसवून देणाऱ्यांपासून लांब राहा, निदान दोन पावसाळे तरी.

दुसरं म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात गवत वाळायला लागलं तेव्हा अंगणात पुलाचा आयत उमटला. भिंतीच्या बरोबर वरचं गवत आधी पिवळं पडलं, कारण तिथे मातीचा थर पातळ. बाकीचं हिरवंगार. गच्चीवरून तर नकाशा काढल्यासारखं दिसायचं. नुकसान काही नाही, पण भिंती अजून अर्धा फूट खाली तोडल्या असत्या तर हे टळलं असतं. तुम्ही करून घेत असाल तर अडीच नाही, तीन फूट तोडायला सांगा.

तिसरी तक्रार खरी चीड आणणारी. निळ्या मोझॅक टाइल्स आधी खरवडून वेगळ्या करायच्या, असं ठरलं होतं आणि त्याचे पैसेही धरले होते. एक बाजू खरवडली, उरलेल्या तीन बाजू सरसकट डबराबरोबर फोडल्या आणि कपच्या वरच्या थरांत मिसळल्या. प्रत्येक मोठ्या सरीनंतर अंगणात चमकणारे निळे तुकडे वर येतात, कडा काचेसारख्या. लेक अनवाणी पळत असतो, म्हणून अजूनही बादली घेऊन वेचते. टाइल्स निघून गावाबाहेर गेल्याचं डोळ्यांनी बघेपर्यंत ब्रेकर सुरू करू देऊ नका.

लागवडीचं म्हणाल तर पुलाच्या जागेवर माड लावायचा मोह आवरला. खाली डबर आणि भिंती असताना मुळं धरणार किती? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, श्रीवर्धनकडच्या वाड्यांमध्ये कसे माड-पोफळी आडव्या झाल्या ते आठवतं. चांगल्या जमिनीतली झाडं उन्मळली, तर भरावावरच्याची काय कथा. त्या जागी केळी, अळू, मिरच्या, आणि पाऊस संपल्यावर कुळीथ आणि पावटा टाकलाय. केळीचा जोर बरा आहे. एका कडेचं वांगं मात्र फिकं पडतंय. काँक्रीटच्या चुऱ्यातला चुना माती अल्कधर्मी करतो, आणि आपली जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे एकाच वाफ्यात दोन तऱ्हा दिसतात. त्या कडेची माती दापोलीच्या कृषी विद्यापीठात तपासून घ्यायचं ठरवलंय.

खर्चाचे आकडे देत नाही. डंपर किती लांबून येतो आणि गल्लीत शिरतो की नाही, यावर भाव दुपटीने बदलतो. आमच्याकडे डंपर शिरत नव्हता, सगळं ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणावं लागलं. तोडण्यापेक्षा भरावावर जास्त पैसे गेले, एवढं नक्की. माती-मुरूम गौण खनिजात येतात, तेव्हा विकणाऱ्याकडे रॉयल्टीची पावती आणि वाहतूक पास आहे का ते आधीच विचारा. नसेल तर रस्त्यात ट्रॉली अडते आणि काम चार दिवस लटकतं. घर किनाऱ्याजवळ, सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकाम-निर्बंधांच्या) पट्ट्यात येत असेल तर तोडायच्या आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. घरपट्टीच्या नोंदीत पूल लागलेला असेल तर कमी करण्याचा अर्जही त्याच फेरीत देऊन टाका. काम सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे फोटो लागतात.

नळी अजून काढलेली नाही, पुढच्या पावसाळ्यातही मोजणार आहे. तोवर त्या जागेवर गाडी लावायला बंदी. पाहुण्यांनाही तसं सांगते, आणि कोणी ऐकलं नाही तर सासरे आहेतच.