बेस नटसाठी क्रोफूट पान्यांचा संच: कसायला उत्तम, सोडवायला नाही

जुन्या मोटरसायकलचा सिलिंडर खालच्या क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या पेटीला) धरून ठेवणारे बेस नट हे पान्यांची खरी परीक्षा घेतात. वर शेवटची फिन (सिलिंडर थंड ठेवणारी पाती), बाजूला सिलिंडरची भिंत आणि मध्ये बोटभर फट. गोटी पाना सरळ उतरत नाही, साधा रिंग पाना फिनला अडतो. अशा जागेसाठी 3/8 इंच ड्राइव्हचा (चौकोनी भोकाचा), 10 ते 19 मिमीचा, उघड्या तोंडाचा क्रोफूट संच घेतला जातो. क्रोफूट म्हणजे दांडा नसलेले पान्याचे नुसते तोंड; ते रेंचच्या किंवा एक्स्टेन्शनच्या (लांबी वाढवणाऱ्या दांडीच्या) चौकोनी टोकावर बसते. तो घ्यावा, पण त्याच्याकडून नेमके कोणते काम करून घ्यायचे हे आधी ठरवून घ्यावा.

घट्ट बसलेला नट पहिल्यांदा हलवायला हा संच वापरू नका. उघडे तोंड नटाच्या दोनच बाजू धरते. जोर वाढला की जबडा किंचित फाकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. पहिला झटका बाक दिलेल्या रिंग पान्याने किंवा पातळ भिंतीच्या बारा कोनी रिंग-क्रोफूटनेच द्यावा. त्याआधी नटाभोवतीची खाच ब्रशने आणि रॉकेलने साफ करावी, पेनिट्रेटिंग ऑइल रात्रभर मुरू द्यावे. अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये स्टडच (नट ज्यावर बसतो तो रोवलेला आट्यांचा दांडा) फिरू लागला, तर भोवतालचा भाग हीट गनने गरम करावा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आट्यांची पकड ढिली होते आणि आटे न ओरबाडता स्टड बाहेर काढता येतो.

बऱ्याच इंजिनांत नट स्टडवरून पूर्ण निघण्याआधीच फिनला टेकतो. तिथे जोर करू नये. हेड काढल्यावर सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सोडायचे, सिलिंडर तेवढाच उचलायचा, पुन्हा सोडायचे. सिलिंडर उचलला की क्रँककेसच्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबावे. हे संचाच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचे, कारण काही क्रोफूटांच्या चौकोनी भोकात एक्स्टेन्शनच्या टोकावरचा अडकवणारा छर्रा नीट बसत नाही आणि तुकडा थेट आत पडतो. घेतानाच एक्स्टेन्शनला लावून, उलटा धरून हलवून पाहा.

संचाची खरी किंमत वसूल होते ती कसताना. टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, कसणारा पाना) तिथवर पोहोचवणारे दुसरे सोपे साधन नाही. मात्र क्रोफूट रेंचच्या सरळ रेषेत पुढे लावला तर लांबी वाढते आणि नटावर जास्त टॉर्क जातो. रेंचची लांबी त्याच्या टोकाच्या चौकोनापासून मुठीच्या मध्यापर्यंत 300 मिमी, आणि चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 30 मिमी असेल, तर 25 न्यूटन-मीटरसाठी रेंच 25 × 300 ÷ 330, म्हणजे सुमारे 22.7 वर लावायचा. हे गणित विसरले तर नटाला 27.5 मिळतात, आणि जुन्या केसमधले आटे उपटायला तेवढे पुरते. क्रोफूट रेंचला काटकोनात लावला की हे गणितच लागत नाही. जागा असेल तिथे नेहमी काटकोनच धरावा. वर लावलेल्या सरळ एक्स्टेन्शनने आकडा बदलत नाही.

मापाचा मुद्दा सगळ्यात वाईट. ब्रिटिश जुन्या इंजिनांवर व्हिटवर्थ मापाचे (जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीचे) नट असतील तर मिमीचा संच निरुपयोगी आहे. 1/4 हा आकडा बोल्टच्या जाडीचा; 1/4 व्हिटवर्थचा नट समोरासमोरच्या बाजूंमध्ये 13.34 मिमी असतो. 13 बसत नाही, 14 लावला तर 0.66 मिमीची ढिलाई राहते, म्हणजे नट गोल होणारच. 3/16 व्हिटवर्थ 11.3 मिमीचा, तिथेही 11 आणि 12 दोन्ही चुकीचे. व्हर्नियरने नट मोजा आणि त्या मापाचे सुटे दोन-तीन क्रोफूट घ्या. मिमीच्या पूर्ण संचापेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

जबड्याची बाहेरची रुंदीही मोजून घ्यावी. जाड क्रोफूट सिलिंडरच्या भिंतीला घासतो. ग्राइंडरवर बाहेरून थोडा उतरवता येतो, पण दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत राहा. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. जबड्याच्या आतल्या कोपऱ्याला हात लावू नये, तडा तिथूनच जातो.

कार्ब्युरेटरच्या फ्लँजच्या (इंजिनला जोडणाऱ्या पट्टीच्या) आतल्या नटालाही हा संच छान पोहोचतो. फक्त तिथे मोठा रॅचेट लावण्याचा मोह टाळावा. फ्लँज मऊ असतो, जास्त आवळला की वाकतो, मग हवा गळते आणि स्लाइड (आतली सरकती झडप) अडकते. छोटे एक्स्टेन्शन लावून, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

तेलाच्या नळीच्या युनियनसाठी (जोडाच्या नटासाठी) मात्र उघड्या तोंडाचा नको, षट्कोनी पण एका बाजूला चिरलेला फ्लेअर-नट प्रकार घ्यावा. पितळी युनियन त्याच्याशिवाय टिकत नाहीत.