मोठ्या जनावरांसाठी .३०-०६ रायफल : हंगामभर वापरल्यानंतर

शिकारीची रायफल घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘शंभर मीटरवर ग्रुप केवढा देते?’ (म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात.) हंगामभर वापरून झाल्यावर माझं मत असं झालंय की हा प्रश्न आता फारसा कामाचा राहिलेला नाही. कारखान्यातून येणारी साधी बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हातानं खटका मागे-पुढे ओढून काडतूस भरायची) रायफलही आज शिकारीपुरती अचूक असतेच. विचारायचं ते वेगळंच. आज बसवलेला झिरो, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळीचा मार यांचा जुळवलेला मेळ, पावसात भिजून, गाडीत हादरून, थंडीत गारठून पुढच्या महिन्यातही जागेवर राहतो का? या रायफलीचं जे काही चांगलं-वाईट सांगणार आहे, ते याच प्रश्नाच्या अंगानं.

माहिती थोडक्यात : बोल्ट-ॲक्शन, .३०-०६ स्प्रिंगफील्ड, २२ इंची नळी, नळीच्या आतल्या खाचांना दहा इंचांत एक पीळ, सिंथेटिक दस्ता, काढता येणारं मॅगझिन, वर ३-९×४० (तीन ते नऊ पट, ४० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण. सगळं मिळून वजन साडेतीन किलोच्या थोडं वर. अशा बांधणीच्या रायफली बऱ्याच कंपन्या करतात आणि त्यांचे गुणदोषही एकमेकींसारखेच असतात, म्हणून नावात शिरत नाही. वापर परवान्यावरच्या शिकारीत, रानडुक्कर आणि मोठ्या हरणांवर. बहुतेक नेम दोनशे मीटरच्या आतले.

आधी काडतूस. .३०-०६ हे अमेरिकी लष्करानं १९०६ साली स्वीकारलेलं काडतूस. इतकं जुनं कशाला, असं अजूनही विचारलं जातं. उत्तर आकड्यांतच आहे : १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगानं निघते आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा ३९०० ज्यूलच्या वर जाते. हा आकडा २४ इंची नळीचा. माझ्या २२ इंची नळीत वेग जरा कमी पडतो, पण जनावराला तो फरक कळत नाही. जर्मनीच्या कायद्यात मोठ्या हरणांसाठी आणि डुकरांसाठी किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा लागते. ती अट हे काडतूस आरामात ओलांडतं.

.३०८ विंचेस्टर (१९५२) त्याचंच आखूड भावंड. त्याच १८० ग्रेनच्या गोळीला ते सेकंदाला जेमतेम पंचवीस मीटर कमी वेग देतं. म्हणजे हातात चांगली .३०८ असेल तर केवळ काडतुसासाठी ती बदलण्यात काही अर्थ नाही. .३०-०६ ची खरी आघाडी दिसते ती २०० ग्रेनच्या पुढच्या जड गोळ्यांत, आणि तेवढ्या जड गोळीची गरज मूस (उत्तरेकडचं अवाढव्य हरीण) किंवा अस्वलाच्या मागे जाणाऱ्यालाच पडते.

वरच्या बाजूला .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) हे जास्त दारूचं, जास्त जोराचं काडतूस आहे. मी ते मुद्दाम टाळलं, कारण धक्का. आठ पौंडांच्या रायफलीत .३०८ चा धक्का साधारण २४ ज्यूलचा, .३०-०६ चा २७ च्या आसपास. जरा जड रायफलीतूनही मॅग्नमचा पस्तीसवर जातो. कागदावर सव्वा पट दिसतं, खांद्याला त्याहून बरंच जास्त वाटतं. दहा-पंधरा बार झाल्यावर नेमबाज चाप दाबायच्या आधीच आक्रसायला लागतो, डोळा मिटतो, नळी खाली झुकते. त्यात सगळ्यात वाईट हे, की मॅग्नमवाले धक्क्याच्या धास्तीनं सराव करणंच सोडतात. .३०-०६ वर मी एका बैठकीत वीसेक काडतुसं झाडतो. तिथून पुढे मात्र माझीही नेमबाजी ढासळते, हे कागदावर स्पष्ट दिसतं. ज्यांना एवढाही धक्का नको त्यांनी ६.५ क्रीडमूर (२००७) किंवा त्याहून कितीतरी जुनं ६.५×५५ बिनधास्त घ्यावं. ६.५×५५ वर स्वीडन-नॉर्वेत पिढ्यान्‌पिढ्या मूस पडत आलेत.

छोट्या काडतुसाची बाजू घेताना लोक हमखास वॉल्टर बेल या जुन्या हत्तीशिकाऱ्याचं उदाहरण देतात. त्यानं ७×५७ माउझरनं आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले, हे खरंच. पण त्याच्या गोळ्या न फुलणाऱ्या (आदळल्यावर टोक न पसरणाऱ्या), आरपार घुसणाऱ्या होत्या आणि हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला तोंडपाठ होतं. आपल्याला दोन्हींतलं काही जमणार नसेल तर हे उदाहरण बाजूला ठेवलेलं बरं.

काडतुसाच्या नावापेक्षा गोळीची बनावट महत्त्वाची, हे पुढे गोळ्या बनवणारा म्हणून नावाजलेल्या जॉन नॉस्लरला १९४६ मध्ये मूसच्या शिकारीत कळलं. .३०० एच अँड एच मॅग्नमसारखं दणकट काडतूस असूनही चिखलानं माखलेल्या मूसच्या अंगावर गोळ्या वरच्यावर फुटल्या. त्यातून मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी जन्माला आली : पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. मी हंगामाच्या पहिल्या भागात शिसं आवरणाला जोडून घेतलेली १८० ग्रेनची गोळी वापरली, नंतर १६५ ग्रेनची संपूर्ण तांब्याची. तांब्याची खोल जाते आणि मांसात शिशाचे कण सोडत नाही, पण तिला फुलायला वेग लागतो. सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटरच्या खाली ती नुसतंच छिद्र पाडून निघून जाण्याची भीती असते. म्हणून तांब्याची गोळी निवडली की जरा हलकीच घ्यावी. गोळी बदलली की झिरो पुन्हा करावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. माझ्या नळीत दोन्हींचे मार चार बोटांच्या अंतरावर पडले.

आता झिरो. मोठ्या हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटर व्यासाचा असतो. माझी रायफल दहा बारांत दीड मिनिटाच्या आसपास ग्रुप देते. हे मिनिट कोनाचं, म्हणजे अंशाचा साठावा भाग. (तीन बारांचा ग्रुप दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तीन गोळ्या योगायोगानंही शेजारीशेजारी पडतात.) शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर. तेव्हा दोनशे मीटरवर दीड मिनिटाचा फैलाव होतो सुमारे नऊ सेंटीमीटर, एका मिनिटाचा सहा. म्हणजे इतक्या चर्चेच्या त्या अर्ध्या मिनिटानं मध्यापासून जेमतेम दीड सेंटीमीटर इकडचं तिकडे होतं. उलट शंभर मीटरवर झिरो पाच सेंटीमीटर सरकला की दोनशेवर दहा सेंटीमीटरची चूक होते, आणि ती प्रत्येक गोळीत. त्यावर नेमबाजाकडे काही इलाज नाही, कारण त्याला ती माहीतच नसते.

माझ्या रायफलीत अगदी हाच दोष निघाला. सिंथेटिक दस्त्याचा पुढचा भाग पोकळ आणि लवचिक आहे. वाळूच्या पिशवीवर सगळं ठीक, पण दुपायी लावून अंग पुढे रेटलं की दस्ता वाकून नळीला टेकायचा आणि मार वर जायचा. तपासणी सोपी आहे : कागदाची पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून मागे सरकवायची आणि तसंच वजन देऊन बघायचं. पट्टी अडकली की समजायचं. बंदूक कारागिराकडून दस्त्यातली नळीची खाच मोठी करून घेतली, ॲक्शनखाली (बोल्ट बसतो त्या भागाखाली) बेडिंग, म्हणजे घट्ट बसणारा राळेचा थर, भरून घेतलं, आणि तेव्हापासून मार हललेला नाही. लाकडी दस्त्याचा प्रश्न उलटा. तो भक्कम असतो, दिसतोही देखणा, पण दमट हवेत फुगतो आणि कोरड्यात आखडतो. बेडिंग केलेला, आतूनही सीलबंद केलेला अक्रोडाचा दस्ता असेल तर माझी हरकत नाही.

दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्यानं, दोन न्यूटन-मीटरच्या आसपास कसावेत आणि त्यावर रंगाची रेघ ओढून ठेवावी. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. खडबडीत रस्त्यांच्या प्रवासानंतर मी ठिकाणावर पोचून एकच बार टाकतो, थंड नळीतून. शिकारीत पहिलीच गोळी चालते, तेव्हा तपासायचीही तीच. तेलानं पुसलेल्या स्वच्छ नळीचा पहिला बार पुष्कळदा वेगळीकडे जातो, म्हणून हंगामात नळीत साचलेलं गोळ्यांचं तांबं निघेपर्यंत ती घासत बसत नाही.

झिरो दोनशे मीटरवर. तेव्हा १८० ग्रेनची गोळी शंभरवर सहा-सात सेंटीमीटर वर लागते आणि तीनशेवर पावेक मीटर खाली. अडीचशेपर्यंत नेम छातीच्या मधोमध. त्यापुढे मी बार काढत नाही.

कडक थंडीत बोल्टमधलं तेल घट्ट होऊन फायरिंग पिन मंदावते, काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर हलका ठोका बसतो आणि बार चुकतो. बोल्ट उलगडून पेट्रोलनं धुतला, जवळजवळ कोरडा ठेवला. मग काही त्रास नाही. नळीच्या तोंडाला वायरिंगची चिकटपट्टी लावतो, पाऊस-चिखल आत जात नाही. बार काढताना ती काढावी लागत नाही, गोळीपुढची हवाच तिला उडवते.

माझी ॲक्शन पुश-फीड आहे, म्हणजे काडतूस नळीत पूर्ण बसेपर्यंत बोल्टच्या पकडीत नसतं. अर्धवट मागे ओढून पुन्हा पुढे रेटलं तर दोन काडतुसं अडकू शकतात. माउझर ९८ किंवा १९३६ च्या मूळ विंचेस्टर मॉडेल ७० मधली पंजाची पकड हे होऊ देत नाही. आफ्रिकी रानरेड्याच्या किंवा अस्वलाच्या मागे जाणाऱ्यानं तीच घ्यावी. आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत रेड्यासाठी .३७५ (इंचांतला व्यास) च्या खाली जाताही येत नाही. हरणा-डुकरांसाठी पुश-फीड मला पुरली, बोल्ट जोरात आणि पूर्ण मागे खेचायची सवय असेल तर. चाप सव्वा किलोच्या दाबावर सुटतो, स्वच्छ. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती मॅगझिनची. त्याचा खटका नेमका तिथे आहे जिथे रायफल तोल साधून एका हातात धरली जाते. हातमोज्यातल्या बोटानं तो दाबला जातो आणि मॅगझिन झुडपात गळून पडतं. मग उरतं नळीतलं एक काडतूस. कंपनीला कळवलं, उत्तर आलं की रचना तशीच आहे. सध्या खटक्याभोवती रबराची कड चिकटवून काम भागवतोय. याच रायफलीचा तळाला झडप असलेला, न निघणाऱ्या मॅगझिनचा प्रकारही मिळतो. नव्यानं घेणाऱ्यानं तोच मागावा.