स्टेट बँकेचं ‘पहली उडान’ खातं : किशोरवयीनांसाठी कितपत उपयोगी?

दहा वर्षं पूर्ण झालेल्या आणि दरवेळी एकसारखी सही करणाऱ्या मुलाला हे बचत खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावर उघडता येतं. त्याहून लहान मुलांसाठी ‘पहला कदम’ आहे, पण ते पालकांसोबत चालवायचं खातं. व्यवहार शिकवायचा असेल तर ‘उडान’च घ्यावं.

किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. डेबिट कार्डावर मुलाचा फोटो असतो आणि पैसे काढण्याची किंवा खर्चाची मर्यादा रोज ५,००० रुपये. आठवी-नववीच्या मुलाला ही रक्कम मोठीच. म्हणून महिन्याचा पॉकेटमनी एकदम टाकू नका. दर सोमवारी ठरावीक रक्कम वळती करा. बुधवारी पैसे संपले तर पुढच्या सोमवारपर्यंत थांबू द्या. मध्येच शंभर-दोनशे पाठवले की खर्चाचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही, आणि बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं.

कागदपत्रं सोपी आहेत. अडचण येते ती सहीची. मुलं वर्षभरात सही बदलतात आणि चेक परत येतो. खातं उघडण्याआधी कोऱ्या कागदावर वीसेक वेळा सही गिरवून घ्या, साधी, पूर्ण नावाची.

ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात असलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे काढण्याची सोय, मिळत नाही, हे फार चांगलं. अठरा पूर्ण होताच नव्या सहीचा नमुना आणि केवायसी द्यावं लागतं. बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत ते नेमकं राहून जातं.

पासबुक मात्र मुलालाच भरून आणायला लावा.