फॅटी लिव्हर: बर्बेरिन, चिनी काढा की जिवाणूंचं खाद्य?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं की माणूस मोबाइलवर शोधाशोध करतो, आणि मग बर्बेरिनच्या कॅप्सूल, चिनी वनौषधींच्या पुड्या आणि प्रोबायोटिक (म्हणजे उपयुक्त जिवाणूंच्या गोळ्या-पावडरी) यांच्या जाहिराती त्याचा पिच्छा सोडत नाहीत. सगळ्यांचा सूर एकच: आतड्यातले जिवाणू सुधारा, यकृत आपोआप सुधारेल.

यातला पहिला भाग बिनबुडाचा नाही. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येतं, त्यामुळे जिवाणू जे काही तयार करतात ते आधी यकृताच्याच वाट्याला येतं. २०१९ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. दारू न पिताही त्याच्या रक्तात अल्कोहोल सापडायचं आणि यकृताला तीव्र सूज होती. त्याच्या आतड्यातला क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू भरमसाट अल्कोहोल बनवत होता. पुढे तपासलेल्या चिनी फॅटी लिव्हर रुग्णांपैकी सुमारे ६० टक्क्यांमध्ये असे जिवाणू आढळले, आणि ते उंदरांना दिल्यावर उंदरांच्या यकृतातही चरबी साठली.

‘आपोआप’ या शब्दावर मात्र माझा विश्वास नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला १०४ रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभराच्या आसपास प्रोबायोटिक आणि त्याचं खाद्य एकत्र दिलं. जिवाणू बदलले, यकृतातली चरबी काही हटली नाही. म्हणून कुठलाही उपाय निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: यकृतातली चरबी मोजली का?

बर्बेरिनच्या बाबतीत ती मोजली गेली आहे. हुआंगलियान या चिनी मुळीतलं हे पिवळं, कडू द्रव्य. आपल्या दारुहळदीतही तेच असतं. चीनमध्ये ते जुलाबावर वापरलं जायचं. आतड्यातून ते रक्तात फारच कमी शोषलं जातं, आणि जे जातं त्यालाही जिवाणूंची मदत लागते: जिवाणू बर्बेरिनचं रूप बदलतात, मग ते आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाऊ शकतं. शांघायमध्ये १८४ रुग्णांवरच्या चाचणीत आहार-व्यायामाच्या जोडीला रोज दीड ग्रॅम बर्बेरिन १६ आठवडे दिलं. यकृतातली चरबी ५२.७ टक्क्यांनी घटली. नुसत्या आहार-व्यायामाच्या गटात ती ३६.४ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे मोठा वाटा पथ्य आणि चालण्याचाच होता. दारुहळदीच्या चमचाभर पावडरीतून एवढा डोस मिळेल असंही समजू नका, तिच्यात बर्बेरिन काही टक्केच असतं. गरोदर आणि स्तनदा बायकांनी ते घेऊ नये, कारण नवजात बाळाची कावीळ वाढू शकते. सायक्लोस्पोरिनसारखी (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) औषधं चालू असतील तर रक्तातलं त्यांचं प्रमाण चढतं.

चिनी काढ्यांमध्ये लिंग गुई झू गान हा सर्वांत जास्त अभ्यासलेल्यांपैकी एक. सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या हान काळातले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथपरंपरेतला. त्यात फू लिंग नावाची बुरशी, दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, बाइ झू मूळ आणि ज्येष्ठमध असतं. चीनमध्ये त्याची रीतसर चाचणी झाली, पण तिचा भर यकृतातल्या चरबीवर नव्हे, तर इन्सुलिन रेझिस्टन्सवर, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देण्यावर होता. शिवाय चिनी वैद्य तो सरसकट देत नाहीत, प्रकृती पाहून देतात. ऑनलाइन पुडीत हे पाहणं कुठून येणार? त्यात बीपी असणाऱ्यांनी जास्त सावध राहावं: ज्येष्ठमध जास्त झालं तर बीपी वाढतो, पोटॅशियम उतरतं. आणि पुडीत ‘हे शोउ वू’ असेल तर ती घेऊच नका. केस काळे करण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या मुळीने यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी चीनमधून आणि बाहेरूनही भरपूर आहेत.

तिसरा पर्याय मला सर्वांत आश्वासक वाटतो, आणि त्याची जाहिरात सर्वांत कमी आहे. रेझिस्टंट स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शांघायच्या चाचणीत २०० जणांपैकी निम्म्यांना चार महिने मक्यापासून केलेलं असं स्टार्च रोज ४० ग्रॅम दिलं. जिवाणूही बदलले आणि यकृतातली चरबीही उतरली. वजन घटल्याचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरला. आपल्याकडे शिळ्या भातात, गार केलेल्या बटाट्यात असं स्टार्च थोडं वाढतं, कच्च्या केळ्यात बरंच असतं. पण शिळ्या भाताने ४० ग्रॅमचा पल्ला गाठता येत नाही. मधुमेह असेल तर भाताची वाटी वाढवून हा प्रयोग करू नका.

तुम्ही मला विचारलंत, तर मी आधी वजन म्हणेन. ७ ते १० टक्के घटलं तर यकृताची सूजही कमी होते, आणि एवढा भक्कम पुरावा वरच्या तिन्हींपैकी एकाकडेही नाही. सोबत स्टार्च आणि तंतुमय खाणं हळूहळू वाढवावं, नाहीतर गॅस होतो. बर्बेरिन घ्यायचंच तर डॉक्टरांना सांगून, जोड म्हणून. अनेक मुळ्यांची पुडी मी घेणार नाही.

हे सगळं सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट यांवरून डॉक्टर फिब-४ हा आकडा काढतात, त्यावरून यकृतात व्रण होत आहेत का याचा अंदाज येतो. तो १.३ च्या वर गेला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. तिथे घरच्या प्रयोगांत वेळ घालवू नका. एखादी पुडी आधीच सुरू असेल तर थांबवा, एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासा आणि जाताना पुडीचं वेष्टन डॉक्टरांकडे घेऊन जा.