कोशर घरात मूल सांभाळायला शिकवणारा वर्ग, दांडिया बाजार, बडोदं

कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या ज्यू कुटुंबांत कामाला जाणाऱ्या मावश्यांसाठी हा तीन दिवसांचा मराठी वर्ग आहे. ओट्यापुरतं शिक्षण उत्तम, बाळाच्या बाबतीत अपुरं.

सुरुवातीलाच सांगतात की पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे कोशर नव्हे. शाकाहारी घरातली बाई नेमकी इथेच फसते. चीज शाकाहारी असलं तरी त्यावर धार्मिक देखरेख लागते, आणि द्राक्षाच्या रसाचंही तसंच. वर्तुळातला 'यू' ही कोशरची खूण शोधायची. शेजारी 'डी' असेल तर वस्तू दुधाच्या बाजूची. दूध आणि मटण एकत्र चालत नाही, म्हणून दोन्हींची भांडी, घासण्या, पुसणी वेगळी कशी ठेवायची हे लाल-निळ्या रंगांनी नीट समजावतात. पालकाचं एकेक पान मिठाच्या पाण्यातून काढून उजेडासमोर धरायला लावतात. कीड पोटात गेलेली चालत नाही, म्हणून ही मेहनत. अंडी एकेक करून काचेच्या वाटीत फोडायची, रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं टाकायचं. हा तास मला सर्वांत आवडला.

आता उणीव. दुधाचा चमचा गरम मटणात पडला तर 'धुऊन ठेवा' असं इथे शिकवलं जातं. हे चूक आहे. गरम भांडं चव शोषतं असं मानतात, म्हणून धुऊन काही सुटत नाही. चमचा बाजूला ठेवायचा, भांड्याला हात लावायचा नाही आणि लगेच सांगायचं: मटण किती गरम होतं, किती होतं, तो चमचा गेल्या २४ तासांत गरम दुधाला लागला होता का. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, यावरूनच ठरवतात. मटण चमच्याच्या साठपट आहे का, हेही पाहतात. लपवलं तर सगळं स्वयंपाकघर अडचणीत येतं.

गॅस पेटवण्याचा विषयच नाही. कडक पाळणाऱ्या घरात ज्यू नसलेल्या बाईने एकटीने शिजवलेले बरेच पदार्थ चालत नाहीत. घरातल्या कुणीतरी शेगडी पेटवावी लागते, आणि सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडची परंपरा पाळणाऱ्या ज्यूंच्या) घरांत बहुधा भांडंही त्यांनीच चढवायचं. बाळाची बाटलीही राहिलीच. पावडरचं दूध हे दूधच, त्यामुळे बाटली मटणाच्या सिंकमध्ये ठेवायची नाही. लोण्याचं बिस्कीट हातात घेऊन रांगणारं पोर मटणाच्या ताटापाशी पोचतं, तो प्रसंग वर्गात दाखवायलाच हवा. मटणानंतर दुधासाठी मोठे कुठे ३ तर कुठे ६ तास थांबतात, लहानांना सवलत असते. किती, ते आईवडिलांनाच विचारायचं.

मावशीच्या स्वतःच्या डब्याबद्दलही वर्गात एक शब्द नाही. तो त्यांच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा नाही, कागदी ताटलीत वेगळा खायचा. पेसाह या ज्यू सणाच्या दिवसांत (इस्रायलमध्ये ७, बाहेर ८) घरात पोळी-पाव ठेवत नाहीत, म्हणून तेव्हा पोळीचा डबा तर घरात आणायचाच नाही. कामाला लागण्याआधी एवढं मालकिणीकडून विचारून घ्या.